दिवस भरगच्च, कामं मात्र तिथंच: असं का होतं?

आठवड्याला किती तास काम करावं, हा वाद दर काही महिन्यांनी नव्यानं पेटतो. ऑक्टोबर २०२३मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी ७० तास काम करावं असं म्हटलं. जानेवारी २०२५मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं ९० तासांचं विधान गाजलं. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यातल्या कामाची रोजची मर्यादा ९ वरून १२ तासांवर आणि दुकानं-आस्थापनांतली ९ वरून १० तासांवर न्यायला मंजुरी दिली. त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या.

या सगळ्या गदारोळात नागपुरातल्या मिहान प्रकल्पात रात्रपाळी करणाऱ्याचा, बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत हिशेब सांभाळणारीचा किंवा सिव्हिल लाइन्सच्या सरकारी कचेरीतल्या लिपिकाचा प्रश्न साधा असतो: मी जास्त वेळ बसलो तर पुढे जाईन का? एका मर्यादेपर्यंत हो, त्यानंतर नाही, आणि ती मर्यादा बहुतेकांच्या अंदाजापेक्षा बरीच अलीकडे आहे. शिवाय कामं रखडतात ती सहसा तास कमी पडल्यामुळे नाही. एकाच वेळी किती कामं उघडी पडली आहेत, यावर ते जास्त ठरतं. करिअरचा वेग आपल्या हातात ठेवायचा असेल तर हा हिशेब समजून घ्यावा लागतो. शाळेतल्या भागाकारापलीकडे त्यात काही नाही.

आधी कायद्याचं बघू

रोजची मर्यादा वाढली तरी आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे. त्यापुढचं काम जादा धरायचं आणि त्याचा मोबदला नेहमीच्या दराच्या दुप्पट द्यायचा. म्हणजे १२ तासांचा दिवस असेल तर ४८ तास चार दिवसांत भरतात. पाचव्या दिवशी बोलावलं तर तो जादा.

यातली मेख अशी की हे संरक्षण कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या कामगाराला आहे. व्यवस्थापकीय काम करणारे, तसंच देखरेखीचं काम करून महिन्याला १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणारे त्या व्याख्येत येत नाहीत. पदनाम ‘असिस्टंट मॅनेजर’ करून टाकलं की झालं, असं अनेक मालकांना वाटतं. पण वाद उभा राहिला तर पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा माणूस प्रत्यक्षात काय काम करतो ते बघितलं जातं. नेमणूक पत्र देणं आता बंधनकारक आहे. ते मागून घ्यावं आणि कामाचं स्वरूप त्यात काय लिहिलंय ते नीट वाचावं.

७० तासांचा आठवडा घरी कसा दिसतो?

सहा दिवसांचा आठवडा धरला तर ७० तास म्हणजे रोज ११ तास ४० मिनिटं. शहरातून बुटीबोरीला जायचं-यायचं मिळून दोन तास. उरले १० तास २० मिनिटं. सात तास झोप काढली की हातात राहतात ३ तास २० मिनिटं. अंघोळ, जेवण, किराणा, आईची औषधं, पोरांचा अभ्यास, सगळं त्यात बसवायचं.

एवढं करून काम तरी वाढतं का? पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या नोंदी ठेवलेल्या होत्या. कामगार बहुतांश स्त्रिया, आणि तयार झालेला माल मोजता येण्यासारखा. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ जॉन पेन्कावेल यांनी २०१४मध्ये त्या नोंदी पुन्हा तपासल्या. आठवड्याला साधारण ४९ तासांपर्यंत जितके तास तितका माल निघत होता. त्यापुढे प्रत्येक जादा तासाला मिळणारा माल घटत गेला, आणि ७० तास राबणाऱ्यांचा माल ५६ तासवाल्यांपेक्षा फारसा जास्त नव्हता. चौदा तास जवळजवळ पाण्यात गेले.

तब्येतीचा हिशेबही झालेला आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१मध्ये मिळून दिलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि रक्तवाहिन्या अरुंद होऊन येणाऱ्या हृदयविकारानं मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो.

‘तो कारखाना होता. माझं काम डोक्याचं आहे.’

म्हणूनच तर जास्त जपायला हवं. थकलेला हात सावकाश चालतो आणि ते दिसतं. थकलेलं डोकं त्याच वेगानं चालल्यासारखं वाटतं आणि बारीक चुका करतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३मध्ये निरोगी माणसांना सलग १४ दिवस रोज सहाच तास झोपू दिलं. शेवटी त्यांची लक्ष देण्याची आणि लक्षात ठेवण्याची क्षमता दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी घसरली होती. मजा म्हणजे त्यांना स्वतःला तसं वाटत नव्हतं. ‘थोडी झोप येतेय’ इतपतच त्यांचं म्हणणं होतं. ‘मला सहा तास पुरतात’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्याचं म्हणणं पुरावा म्हणून किती धरायचं, ते यावरून ठरवा.

मग काम अडतं कुठे?

जिल्हा न्यायालयाबाहेर टेबल टाकून बसलेला टायपिंगवाला डोळ्यांसमोर आणा. एका प्रतिज्ञापत्राला त्याला सरासरी १० मिनिटं लागतात, कुठलं ५ मिनिटांचं, कुठलं २०चं. लोक वेळ ठरवून येत नाहीत. कधी अर्धा तास कोणी फिरकत नाही, कधी बार रूममधून चौघं एकदम येतात.

दिवसाचा निम्मा वेळ तो कामात असेल, तर येणाऱ्या माणसाला आपला नंबर लागेपर्यंत सरासरी १० मिनिटं थांबावं लागतं. ८० टक्के वेळ कामात असेल तर ४० मिनिटं. ९० टक्के असेल तर ९० मिनिटं. आणि ९५ टक्के असेल तर १९० मिनिटं, म्हणजे तीन तासांहून जास्त. टायपिंगचा वेग तोच, कागद तेच. काम ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेलं आणि थांबणं पावणेपाच पट झालं.

सूत्र असं: कामात गेलेल्या वेळेचा टक्का भागिले रिकाम्या वेळेचा टक्का, गुणिले एका कामाचा वेळ. ८० भागिले २० म्हणजे ४, गुणिले १० म्हणजे ४०. रिकामा गेलेला अर्धा तास साठवून ठेवता येत नाही, आणि चौघं एकदम आले की ती गर्दी जिरवायला पुढे मोकळी जागा लागते. ती नसली की रांग दुसऱ्या रांगेवर चढत जाते.

हे आकडे तीन गोष्टी धरून आहेत: टेबल एकच, माणसं ठरवून येत नाहीत, आणि प्रत्येक काम कमी-जास्त लांबीचं. कचेरीत बसणाऱ्या बहुतेकांचं काम नेमकं असंच असतं. म्हणून सकाळी दहा ते सात एकही मिनिट मोकळं न ठेवणारा माणूस सगळ्यांत उशिरा उत्तर देतो, आणि त्यावर तो करतो काय, तर अजून दोन तास बसतो. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवली, म्हणजे आठ तासांत सव्वा ते दीड तास आधीपासून कशालाही दिलेला नसला, तर अचानक येणारं काम त्यात जिरतं. हा वेळ वाया जातो असं वरच्यांना वाटतं. टायपिंगवाल्याच्या रांगेत उभं राहिल्यावर तसं वाटत नाही.

हातात नऊ कामं असली तर बिघडलं काय?

रांगशास्त्रात एक नियम आहे, लिटलचा नियम. पुढे एमआयटीत प्राध्यापक झालेले जॉन लिटल यांनी १९६१मध्ये तो सिद्ध केला. सरासरी किती कामं उघडी आहेत, त्याला आठवड्यात किती संपतात यानं भागा. एका कामाला सरासरी किती आठवडे लागतात ते मिळतं. बारा कामं उघडी, आठवड्याला तीन संपतात, तर प्रत्येकाला चार आठवडे. उघडी कामं सहावर आणली तर दोन आठवडे. मेहनत तेवढीच.

हातचलाखी वाटत असेल तर छोटं उदाहरण करून बघा. तीन कामं, प्रत्येकी चार दिवसांची. रोज एकेक आलटून पालटून घेतलं तर ती दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या दिवशी संपतात. एक संपवून दुसरं घेतलं तर चौथ्या, आठव्या आणि बाराव्या दिवशी. शेवटच्या माणसाचं काहीच बिघडलं नाही, पहिल्या दोघांना मात्र काम सहा आणि तीन दिवस लवकर मिळालं.

इथं शहाणा वाचक विचारेल की सहाच कामं हातात घेतली तर उरलेली सहा बाहेर थांबतातच ना? थांबतात. पण न उघडलेलं काम बदलता येतं, दुसऱ्याला देता येतं, आणि कित्येकदा आठवडाभरानं त्याची गरजच उरत नाही. अर्धवट उघडलेल्या कामाला पुन्हा पुन्हा हात लावावा लागतो: फाइल शोधा, कुठवर आलो होतो ते आठवा, मधे कोणी आकडे बदलले का बघा. संशोधक सोफी लरॉय यांनी २००९मध्ये प्रयोगांतून दाखवलं की एक काम अपुरं टाकून माणूस दुसऱ्याकडे वळला की मनाचा एक भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरं काम खराब होतं. उघडी कामं कमी केली की ही गळती थांबते, आणि आठवड्याला तीनऐवजी चार कामं संपायला लागतात. तो खरा फायदा.

प्रत्यक्षात करायचं काय?

जपानमध्ये टोयोटाच्या कारखान्यात कानबान नावाची कार्डांची पद्धत निघाली. पुढचा टप्पा मोकळा झाल्याशिवाय मागच्यानं नवा माल सुरू करायचा नाही. तीच पद्धत एका माणसाला वहीच्या पानावर वापरता येते.

पानावर चार रकाने आखा: ‘यायचं’, ‘हातात’, ‘अडकलं’ आणि ‘झालं’. प्रत्येक काम एका छोट्या चिठ्ठीवर लिहा. चिठ्ठीवर तीन गोष्टी: कामाचं नाव, हातात घेतल्याची तारीख, आणि काम संपलं असं कधी म्हणायचं. ही तिसरी ओळ सगळे गाळतात आणि तिथंच फसतात. ‘ऑडिटचं काम’ ही चिठ्ठी तीन महिने जागची हलणार नाही. ‘एप्रिल ते जूनच्या खरेदी बिलांची यादी ऑडिटरला मेल केली’ ही दोन दिवसांत हलेल. दोन तासांपासून तीन दिवसांपर्यंत संपेल एवढं काम एका चिठ्ठीवर. मोठं असेल तर फोडा. दहा मिनिटांच्या आतल्या गोष्टींना चिठ्ठी नको. त्या बाजूला लिहून दुपारी बाराला आणि संध्याकाळी पाचला एकदम उरकायच्या.

‘हातात’मध्ये तीनपेक्षा जास्त चिठ्ठ्या नकोत. एक जड काम, एक हलकं, आणि तिसरी जागा अचानक येणाऱ्यासाठी. ती तिसरी जागा आधीपासून भरून ठेवली की सगळी पद्धत कोसळते.

बिघडतं कुठं तेही माहीत असावं. बहुतेकांची ‘हातात’ची शिस्त पंधरा दिवस टिकते आणि मग ‘अडकलं’चा रकाना फुगतो, कारण नको असलेलं काम तिथं ढकलणं सोपं असतं. त्यालाही मर्यादा घाला, समजा चार, आणि प्रत्येक चिठ्ठीवर कोणाकडे अडकलं आणि पुन्हा कधी विचारायचं ती तारीख टाका. पाचवं अडकलं की आधी फोन उचलायचा, नवं काम घ्यायचं नाही. दुसरी गळती व्हॉट्सअॅपची. ग्रुपवर ‘हे पण बघून घे’ असं येतं, आपण अंगठा दाखवतो, आणि चिठ्ठी नसलेलं एक काम डोक्यात जाऊन बसतं. अंगठ्याआधी चिठ्ठी, एवढं पाळलं तरी निम्मं साधतं.

‘साहेबांना नाही कसं म्हणू?’

म्हणूच नका. निवड त्यांच्यापुढे ठेवा. ‘सर, जीएसटीच्या बिलांची जुळवणी, बँक खात्याचा ताळा आणि ऑडिटरच्या शंका हातात आहेत. बँकेचं स्टॉक स्टेटमेंट आत्ता घेते, मग या तिघांतलं कोणतं उद्यावर टाकू?’ या वाक्यात नकार नाही, कुरकुर नाही, आणि जबाबदारी ज्याची त्याच्याकडे गेली. वहीचं पान समोर असेल तर बोलणं अजून सोपं जातं. ‘सगळंच आज पाहिजे’ असं उत्तर आलं तर क्रम विचारा: पहिलं कोणतं? क्रम सांगायला फारसं कोणी नकार देत नाही.

रोज तीन-तीन तातडीची कामं येत असतील तर चिठ्ठीच्या कोपऱ्यात ‘अ’ लिहा. महिन्याअखेरीस मोजा. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर ‘अ’ निघाला, तर अडचण तुमच्या वेगात नसून माणसं कमी असण्यात आहे. हे तक्रारीच्या सुरात सांगितलं की कानामागे टाकलं जातं, आकड्यांत सांगितलं की निदान बैठकीत तरी येतं.

‘शुक्रवारपर्यंत देतो’ हे नेहमी खोटं का ठरतं?

कारण अंदाज करताना माणूस सगळं सुरळीत होईल असं धरून चालतो. १९९४मध्ये मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना प्रबंध कधी संपेल ते विचारलं. त्यांचा सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा होता, लागले ५५.५. सांगितलेल्या तारखेत जेमतेम ३० टक्क्यांनी संपवला.

वर सांगितलेल्या चिठ्ठ्यांवर सुरुवातीची आणि शेवटची तारीख असेल तर अंदाजाची गरज राहत नाही. शेवटची २० संपलेली कामं घ्या, प्रत्येकाला किती दिवस लागले ते चढत्या क्रमानं लिहा आणि सतरावा आकडा बघा. तो ९ असेल, तर २० पैकी १७ कामं, म्हणजे ८५ टक्के, ९ दिवसांत झाली. यापुढे त्या जातीच्या कामाला ९ दिवस सांगा. सरासरी सांगू नका. सरासरी सांगणारा ढोबळमानानं निम्म्या वेळा खोटा पडतो. साहेब आधी नाक मुरडतील. चार-पाच कामं सांगितल्या दिवशी हातात पडली की तुमच्या तारखेला वजन येतं, आणि बढतीच्या वेळी हे वजन जागरणापेक्षा कामाला येतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

महिना सगळा सारखा नसतो

‘आपल्या गतीनं’ म्हणजे रोज सारख्या गतीनं नव्हे. बुटीबोरीतल्या एखाद्या कंपनीत हिशेब बघणाऱ्या व्यक्तीचा महिना घ्या. ७ तारखेपर्यंत टीडीएस भरायचा. ११ला जीएसटीचं आर-वन, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र. १४ला टू-बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचं पत्रक, तयार होतं. १५ला पीएफ आणि ईएसआयसी. मग खरेदीची बिलं टू-बीशी ताडून २०च्या आत थ्री-बी, म्हणजे महिन्याचं एकत्रित विवरणपत्र. दरमहा रिटर्न भरणाऱ्या कंपनीत १ ते २० ही चढण दर महिन्याला ठरलेली. खरी मोकळीक २१ ते २८.

म्हणून अभ्यास, नव्या सॉफ्टवेअरची ओळख, जुन्या फायलींची लावालाव हे ‘रोज एक तास’ असं ठरवू नये. दुसऱ्या आठवड्यात ते मोडतं, आणि एकदा मोडलं की माणूस सगळंच सोडतो. १ ते २० या काळात आठवड्याला दोन तास, २१नंतर आठवड्याला आठ-नऊ, असं धरलं तर टिकतं.

वर्षालाही असाच आकार असतो. सरकारी खात्यात असाल तर डिसेंबर हिवाळी अधिवेशनात जातो. त्या महिन्यात परीक्षेचा फॉर्म भरू नका. हिशेबवाल्यांचा मार्च आपला नसतो. आणि मे महिन्यात पारा ४५च्या घरात असताना दुपारी तीनला कूलरसमोर बसून कठीण धडा डोक्यात शिरत नाही. सकाळी सहा ते आठ ही वेळ त्यासाठी राखा, दुपारी नोंदी आणि यंत्रवत कामं.

नोकरी करत शिकायचं, पण किती?

इथं लोक हुरुपात फसतात. आधी आपले तास मोजा. वर्षाच्या ५२ आठवड्यांतून दिवाळी, लग्नसराई, आजारपण आणि वर्षअखेर असे आठ आठवडे वजा करा, उरले ४४. आठवड्याला सरासरी ५ तास मिळाले तर वर्षाला २२०.

आता अभ्यासक्रमाचे तास. इग्नूमध्ये, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यातही हेच माप आहे. ३२ क्रेडिटचा पदव्युत्तर डिप्लोमा घ्यायचा ठरवला, तर ९६० तास. २२०नं भागा: चार वर्षं आणि वर चार महिने. इग्नूच्या बऱ्याच पदव्युत्तर डिप्लोमांची कमाल मुदत मात्र ३ वर्षं असते. म्हणजे आठवड्याला ५ तास देऊन तो डिप्लोमा मुदतीत होणारच नाही, कितीही जिद्द असली तरी. साडेसात तास लागतील. ते निघत नसतील तर प्रमाणपत्र अभ्यासक्रमापासून सुरुवात करावी. इग्नूचं प्रादेशिक केंद्र नागपुरातच आहे. पैसे भरण्याआधी माहितीपुस्तिकेत क्रेडिट आणि कमाल मुदत हे दोन आकडे बघून हा भागाकार करावा.

मधेच थांबावं लागलं तर? अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या सरकारी खात्यात मिळवलेली क्रेडिट जमा राहतात आणि ती जास्तीत जास्त ७ वर्षं वापरता येतात. तुमची संस्था त्यात नोंदलेली आहे का आणि क्रेडिट खरोखर जमा झाली का, हे निकाल लागल्यावर लगेच तपासा. दोन वर्षांनी शोधायला गेलात तर कोणी उभं करत नाही.

अभ्यासाच्या पद्धतीबद्दल एवढंच: पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिणं जास्त टिकतं. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६च्या प्रयोगात पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत नुसतं वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतरच्या परीक्षेत आठवून लिहिणारे. लोकमान्य नगरहून सीताबर्डीकडे मेट्रोनं येत असाल तर त्या वेळात नवा धडा उघडू नका. काल वाचलेल्यातलं काय काय आठवतं ते मोबाइलवर टिपा आणि घरी गेल्यावर पुस्तकाशी ताडून बघा.

‘घरचं कोण करणार?’

हा आक्षेप सगळ्यांत खरा आहे आणि त्यावर वहीचं पान पुरत नाही. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांची रोजची २८९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची ८८. नोकरी करणाऱ्या बाईचं घरचं कामही ‘हातात’च्या रकान्यात धरायला हवं, ते वगळून आखलेला कोणताही बेत पुरुषाच्या मापाचा असतो. पहिले ५ तास अभ्यासिकेत मिळत नाहीत, ते घरातल्या कामाच्या वाटणीतून मिळतात. ‘मदत करतो’ म्हणणाऱ्याला कामं सांगावी लागतात, आणि सांगणं हेही एक उघडं कामच. तेव्हा आठवड्यातली दोन कामं आठवणीसकट पूर्णपणे दुसऱ्याच्या नावावर करावीत.

‘पण पुण्याला गेलेले पुढे निघून जातील!’

जातील काही. पण तुलना करायची तर पगाराचा आकडा सोडून तासाची कमाई काढावी. समजा नागपुरात ३८,००० रुपये मिळतात, घरी राहणं, प्रवासाला २,५००. काम आठवड्याला ४८ तास, जाण्या-येण्यात ६. महिन्याला साधारण २३४ तास आणि हातात ३५,५००, म्हणजे तासाला जवळपास १५२ रुपये. पुण्यात ५५,००० मिळतात, खोली आणि मेसला १७,०००, प्रवासाला ३,५००. काम ५८ तास, प्रवास १०. महिन्याला २९४ तास आणि उरले ३४,५००, म्हणजे तासाला ११७. आकडे तुमचे घाला, रीत हीच.

याचा अर्थ पुण्याला जाऊ नये असा नाही. तिथल्या कामात असं काही शिकायला मिळणार असेल जे इथं मिळत नाही, तर तासाला ३५ रुपये कमी ही त्या शिक्षणाची फी समजावी, आणि ती परवडण्यासारखी असते. मात्र त्याच कामाचे जास्त तास विकत द्यायचे असतील तर तो तोट्याचा सौदा.

ठरवण्याआधी एक यादी करा. तिथं शिकायला मिळणारी दोन-तीन कौशल्यं लिहा आणि मिहान, हिंगणा, बुटीबोरीतल्या कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिराती पंधरा दिवस बघून त्यांपुढे खुणा करत जा. ज्याच्यापुढे एकही खूण पडत नाही ते शिकून नागपूरला परतायचा बेत असेल, तर जाण्याआधीच तो बदलावा लागेल.